ठेवायला दिलेला आवाज

सोमवार, ३ फेब्रुवारी

नवी नोकरी सुरू झाली. जागा इतकी मजेशीर आहे की घरी आल्या आल्या लिहायला बसले. पूर्वी इथे नाचाचा क्लास होता. एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसे, आणि त्यांच्यासमोर कमरेएवढ्या उंचीवर लाकडी दांडा. दांड्यावर आता हेडफोनच्या वायरी आणि ओले रुमाल लटकतात. मान वर केली की आपण काम करताना कसे दिसतो ते दिसतं, त्यामुळे कोणी फारशी मान वर करत नाही. कपडे बदलायच्या खोलीत यंत्रं ठेवली आहेत, लोखंडी मांडण्यांवर रचलेली.

मालकांना सगळे शेठ म्हणतात, ते चेष्टेनं. शेठचा स्वेटर कोपरावर विरलाय आणि सगळ्यांचा चहा तेच करतात. यंत्रांकडे बघणारा एक उंच, वाकलेला माणूस आहे. यंत्रं तापू नयेत म्हणून त्यानं जिथे जागा दिसेल तिथे पंखे लावलेत, म्हणून तो पंखेवाला. त्याच्यापेक्षा त्याचे पंखे जास्त बोलतात.

काम सोपं आहे. लोक इंटरनेटवरून आमच्याकडे गाणी आणून ठेवतात, बाकीचे ती फुकटात उतरवून घेतात. त्यातली बरीचशी चोरीचीच, शेठ ते लपवत नाहीत. कंपन्यांच्या तक्रारी येतात. मी ते गाणं ऐकायचं आणि तक्रार खरी असेल तर काढून टाकायचं. दारावरच्या पाटीवर लिहिलंय, 'तुमचा आवाज आमच्याकडे ठेवा आणि निर्धास्त राहा.'

दुपारी बाबांचा फोन आला. खुर्चीला पाठ आहे का, एवढंच विचारायचं होतं. आहे म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

काम अंगवळणी पडतंय. चोरीच्या गाण्यांच्या ढिगात लोकांची स्वतःची गाणीही खूप आहेत. कोणीतरी बादली भरता भरता गातंय. एका बाईचं गाणं ऐन रंगात आलेलं, तेवढ्यात दूध उतू जातं आणि गाणं तिथेच संपतं. एका आजोबांनी पूर्ण गाणं म्हणून शेवटी विचारलंय, झालं का, आता कुठलं बटण दाबू. मी एकटीच हसत होते. समोर आरशात दिसलं तेव्हा थांबले.

आज शेठना बारक्याबद्दल सांगितलं. बारक्या माझा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून घरी येताना ट्रकनं उडवला. त्याला गाण्याचं वेड. खोलीत आवाज घुमतो म्हणून कपड्यांच्या कपाटात डोकं घालून, वर रजई ओढून गायचा आणि ते इथे ठेवायचा, 'कपाटातला गवई' या नावानं. फोन त्याच्याबरोबरच गेला. त्याचा म्हणून जो आवाज उरलाय तो आरशांपलीकडच्या त्या खोलीत आहे. बाबा रोज संध्याकाळी त्यातलं एक गाणं ऐकतात, आणि मग त्यांना जेवण जात नाही. तरी ऐकतात. मला ही नोकरी लागली तेव्हा म्हणाले, चला, आपल्यातलं एकजण तरी आता त्याच्या शेजारी बसेल.

शेठनी विचारलं, मीही ऐकते का. रोज, म्हटलं. ते उठले आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज वकीलबाई आल्या होत्या. आमचा खटला त्या चालवतात. सडेतोड बाई, बोलताना समोरच्याच्या टेबलावरच्या वस्तू सरळ रेषेत लावून ठेवतात. त्यांनी सांगितलं की बड्या कंपन्यांनी मिळून दावा लावलाय आणि लक्षणं काही बरी नाहीत. त्या बोलत असतानाच आमची सेवा बंद पडली. इंटरनेटवाल्याकडे कंपन्यांचं पत्र गेलं आणि त्यानं घाबरून आमची लाइनच तोडली. उद्यापर्यंत जोडून घेऊ, शेठ म्हणाले. सगळ्यांना लवकर सोडलं.

घरी आले तर बाबा खुशीत. शर्टाला बटण लावत बसले होते आणि शीळ घालत होते. किती दिवसांनी दोनदा वाढून घेतलं त्यांनी. जेवण झाल्यावर पत्ते खेळलो, मला सरळसरळ फसवलं आणि वर भांडले. घर छोटं असलं तरी आम्हा दोघांना पुरेसं आहे. आई गेल्यापासून दोघंच, त्यामुळे सवयच आहे.

बैठकीच्या भिंतीवर एका मुलाचा फोटो आहे. आधीच्या भाडेकरूंचा राहिला असणार. विचारून परत करायला हवा. हसरा आहे मुलगा.

बुधवार, १२ फेब्रुवारी

कालचं पान पुन्हा पुन्हा वाचते आहे. अक्षर माझंच आहे.

तो फोटो बारक्याचा आहे. या घरात राहायला आलो त्या दिवशी सगळ्यात आधी मी तो लावला, खिळा ठोकताना अंगठा ठेचला होता, नख अजून काळं आहे. आणि काल मी लिहिलंय, आधीच्या भाडेकरूंचा.

आज सकाळी ऑफिसच्या जिन्यात होते. वर लाइन जोडली गेली असणार, पंखेवाला कोणाला तरी झालं म्हणून सांगत होता. आणि एकदम बारक्या आठवला. कठडा धरून पायरीवर बसले. तेवढ्यात बाबांचा फोन. रडत होते. म्हणाले, "काल मी त्याचं गाणं लावलंच नाही गं. विसरलो म्हणावं तर तसंही नाही. तो आहे हेच माझ्या डोक्यात नव्हतं."

दमला असाल, असं काहीतरी मी बोलले.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज एक मुलगी तिच्या आईला घेऊन ऑफिसात आली. आई निवृत्त नर्स. छान नीटनेटक्या बाई, आरशासमोर बसून केसांची पिन सारखी करत होत्या. मुलगी मला बाजूला घेऊन बोलली. वडील गेल्यावर आईनं त्यांचं एक गाणं आमच्याकडे ठेवलं होतं आणि ती दिवसरात्र तेच ऐकायची. गेल्या आठवड्यात ते गाणं निघालं. तेव्हापासून आई वडिलांना ओळखत नाही. लग्नाचा फोटो दाखवला तर म्हणते, माझ्या शेजारी हे कोण उभे आहेत. डॉक्टर म्हणतात, वय झालं. बाकी सगळं लख्ख आठवतं, वॉर्डातल्या पेशंटांची नावंसुद्धा. ते गाणं परत ऐकवलं तर कदाचित काही होईल, असं मुलीला वाटत होतं.

ते गाणं मीच काढलं होतं. तक्रार खरी होती, चाल कंपनीच्या मालकीची.

शेठ सगळं ऐकत होते. काही न विचारता आत गेले आणि पंखेवाल्याकडून ते गाणं परत लावून घेतलं. ऐकवायचीही गरज पडली नाही. नर्सबाईंचा हात केसांतच थांबला. त्यांनी आरशात बघितलं, मग मुलीकडे. हळूच विचारलं, "अगं, हे गेले ना?" आणि मग अशा रडल्या की जणू आजच कोणी निरोप आणलाय. मुलगी त्यांना धरून बसली. आम्ही सगळे माना खाली घालून आपापल्या कामाकडे बघत राहिलो.

पुष्कळ वेळानं मुलगी माझ्या टेबलाशी आली. तिला माझ्याकडे बघवत नव्हतं. "ते परत बंद करता येईल का," म्हणाली. "गेले आठ दिवस ती जेवत होती हो."

मी शेठकडे बघितलं. शेठनी डोळे मिटले आणि मानेनंच हो म्हटलं.

जाताना नर्सबाई जिना उतरत होत्या, एकेका पायरीवर थांबत. आणि मग मध्येच सरळ झाल्या आणि मुलीला म्हणाल्या, पायऱ्या किती उंच आहेत नाही इथल्या.

सोमवार, १७ फेब्रुवारी

शेठना गाठलंच. म्हटलं, तुम्हाला हे माहीत होतं.

माहीत होतं. कसं होतं ते माहीत नाही, का होतं तेही नाही. पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "निर्धास्त राहा असं आपणच लिहिलं. लोक राहिले. ज्यांनी त्या आवाजावर जीव टाकला त्यांनी सगळंच इथे ठेवलं, स्वतःजवळ काही उरवलं नाही." आणि आजवर कळलं कसं नाही कोणाला, विचारलं तर म्हणाले, विसरलेली माणसं तक्रार करायला येत नाहीत.

मग सांगितलं की ही सगळी सेवा त्यांनी त्यांच्या आईच्या गाण्यापासून सुरू केली. मागच्या खटल्यात वकीलबाईंनी ते काढायला लावलं, उदाहरण घालून द्यायला पाहिजे म्हणून. "मला सांगतात की मला आई होती," शेठ म्हणाले. सांगणारा पंखेवाला. त्यानं इथे कधी काही ठेवलं नाही, त्यामुळे तो विसरत नाही. अधूनमधून तो शेठजवळ बसतो आणि आईबद्दल सांगतो, ती पाय ओढत चालायची, तिला गोड आवडायचं. शेठ ऐकून घेतात. दुसऱ्याच्या आईबद्दल ऐकावं तसं.

बारक्याची सगळी गाणी मी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली आहेत. पर्समध्ये, आतल्या कप्प्यात. त्याच्या गाण्यांवर तक्रारी येऊन पडल्यात, मी त्या मागे ढकलते आहे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

पुन्हा सेवा बंद. या वेळी वीज तोडली, जागामालकावर दडपण आणलं म्हणे. सुट्टीच मिळाली म्हणायची. ऊनही छान पडलं होतं, बाबा म्हणाले, चल, घर आवरू.

कुठल्या कुठल्या वस्तू निघाल्या. पलंगाखालच्या पेटीत पुरुषाचे कपडे होते, बाबांना घट्ट होतील असे. एक निळा स्वेटर, दोन जीन्स, बूट. कोणाचे, दोघांनाही आठवेना. खाली भंगारवाला आला होता, त्याला देऊन टाकले. बूट त्यानं तिथल्या तिथे पायात घालून बघितले, बरोबर बसले. बाबांना फार बरं वाटलं.

पर्समध्ये एक पेन ड्राइव्ह मिळाला. लावून बघितला, एक मुलगा गातो आहे. आवाज जरा कोंडल्यासारखा, पण गोड. बाबांनी दोन गाणी ऐकली. म्हणाले, "चांगला गातो. कोण गं हा?" ऑफिसातलं काहीतरी असेल, म्हटलं. जागा हवी होती म्हणून पुसून टाकला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

काल लिहिता आलं नाही.

ऑफिसची वीज परत आली तेव्हा आम्ही दोघं बाजारात होतो. बाबांच्या हातात पिशवी होती. ती त्यांनी खाली ठेवली, नीट भिंतीला टेकवून, आणि रस्त्यातच बसले. मग मला म्हणाले, "त्याचे बूट."

भंगारवाल्याला शोधत दिवसभर फिरलो. गोदामं पालथी घातली. एका गोदामात कपड्यांचा डोंगर होता, बाबा त्यात कमरेपर्यंत शिरले, प्रत्येक निळी वस्तू ओढून वास घेत होते. तिथला माणूस आधी हसला, मग त्यानंही शोधायला सुरुवात केली.

काहीच सापडलं नाही. बाबांनी दुसराच एक निळा स्वेटर उचलून आणलाय. तो बारक्याचा नाही, हे त्यांना माहीत आहे. उशाशी घेऊन झोपतात.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

निकाल लागला. आम्ही हरलो. सगळी यंत्रं कोर्टाच्या माणसांसमोर कोरी करायची, एकही गाणं ठेवायचं नाही, प्रती करायच्या नाहीत. पुढच्या मंगळवारी.

मी वकीलबाईंना सगळं सांगितलं. नर्सबाई, शेठची आई, बारक्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या टेबलावरची पेन्सिल सरळ केली. म्हणाल्या, हे मी कोर्टाला कसं सांगू, तूच सांग. वेड्यात काढतील. आणि खरं सांगायचं तर ज्यांची गाणी होती त्यांचंही काही चुकलेलं नाही, त्यांचीही पोटं आहेत.

मग जाता जाता म्हणाल्या, माझं इथे काही ठेवलेलं नाही ना, म्हणून विचारते. मी म्हटलं, तुम्हाला माहीत असायला हवं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली. मागच्या वेळी त्यांनी स्वतःहून किती गाणी काढायला लावली होती, कोणाकोणाची —

गुरुवार, २७ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. टाळून उपयोग नव्हता.

त्यांनी गाणं लावलं नव्हतं अजून. फोन हातात तसाच. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला त्रास होणार नाही. त्या दोन्ही दिवसांत तुम्ही किती छान होतात. शीळ घालत होतात.

बाबा म्हणाले, "मला नाही होणार गं त्रास. मला कळणारच नाही. पण त्याचं काय? आपण दोघंच होतो त्याला. आपणही नाही म्हटल्यावर त्यानं जायचं कोणाकडे?"

मग गाणं लावलं. एक संपल्यावर दुसरं, मग तिसरं. जेवलो नाही.

सोमवार, ३ मार्च

प्रती घेतल्या आणि पंखेवाल्यानं बारक्याची मांडणी थोडा वेळ बंद करून बघितली. काही फरक पडत नाही. प्रत वाजते, पण वाजणारा कोणीतरी मुलगा असतो. आवाज राहतो. तो राहत नाही.

पंखेवाल्याला बारक्याबद्दल सांगायला बसले. म्हणजे शेठना तो सांगतो तसं मला सांगेल. तो म्हणाला, सांगीन. मग म्हणाला, "पण खोटं नाही सांगत, ताई. शेठना मी रोज सांगतो. त्यांना वाईट वाटत नाही. वाईट वाटत नाही याचं वाईट वाटतं, एवढंच."

बाबांनी हाताच्या तळव्यावर पेनानं लिहून घेतलंय — मला मुलगा होता. शाई पुसते म्हणून पुन्हा पुन्हा गिरवतात. कातडी सोलली आहे.

मंगळवार, ४ मार्च

कोर्टाची माणसं आली. दोघं. सभ्य आहेत. बूट बाहेर काढून आले.

मी यंत्रांच्या खोलीच्या दाराशी जमिनीवर बसले आहे. वही मांडीवर. शेठनी बसू दिलं. पंखेवाला एकेक मांडणी बंद करतो, ते बघतात, खूण करतात. पंखे एकेक करून थांबतात.

बारक्या शेवटच्या मांडणीत आहे. पंखेवाल्यानं मुद्दाम ती मागे ठेवली.

तोवर लिहिते. सगळं लिहिते.

तो डावखुरा होता. कात्री त्याला कधी जमली नाही. पोहे — नाही, खाण्याचं नको, ते सगळ्यांचंच असतं. त्याचं लिहायला हवं. झोपेत हसायचा. आई गेली त्या दिवशी तो रडला नाही, घरातली सगळी घड्याळं पुसत बसला. पोहायला घाबरायचा आणि ते कबूल करायचा नाही, पाणी थंड आहे म्हणायचा. उन्हाळ्यातसुद्धा.

दुसरी मांडणी झाली. रस्त्यावर कोणाचा तरी फोन वाजतोय, उचलत नाहीत. उठून खिडकीतून बघितलं, एक बाई चालता चालता थांबली आहे. मागे वळून बघते. काही पडलं का, असं. मग गेली.

बाबांचा फोन. उचलला. तळव्यावर काहीतरी लिहिलंय, ते अक्षर लागत नाही म्हणतात. मी वाचून — मीच सांगितलं, बाबा, मुलगा. तुम्हाला मुलगा. हो हो म्हणाले. मला धीर द्यायला म्हणाले असतील.

अजून त्याची मांडणी चालू आहे, मग बाबांना आत्ताच का — त्याचं एखादं गाणं आधीच्या मांडणीत होतं का —

शेवटची. पंखेवाला माझ्याकडे बघतोय. मी मान नाही हलवली. कोर्टाच्या माणसानं हलवली.

लवकर. उंच होता. माझ्याहून. दारात वाकायचा, गरज नसताना. गाताना डोळे — कपाटात होता, डोळे कोणी बघितले. खांद्यावर एक — कुठल्या खांद्यावर —

त्याला ताई म्हणायला आवडायचं नाही. लोकांसमोर म्हणायचा. घरात आम्ही दोघंच असलो की मला म्हणायचा